बर्फ फॅक्टरीची वार्षिक सभा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या मालकांचा, भाऊंचा, माझ्यावर नव्हता — अगदी तसाच.

गोष्ट ८२-८३ची. मी मनवेलपाड्यात राहायचो, अर्नाळा रोडवरच्या एका बर्फ फॅक्टरीत क्लार्क होतो. फॅक्टरी एवढीशी, पण प्रायव्हेट लिमिटेड! म्हणजे दरवर्षी वार्षिक सभा घ्यायची आणि तिचे कागद मुंबईला रजिस्ट्रार ऑफिसात भरायचे. एकदा मी सह्याच घ्यायला विसरलो, एकदा तारीख जुन्या वर्षाची टाकली. भाऊंनी बजावलं होतं, "यंदा कागद परत आले, तर तू परत येऊ नकोस."

आता खरं सांगतो... सभा कागदावरच व्हायची. वृत्तांत मी आधीच टाइप करून ठेवायचो, भाऊ आणि वहिनी घरबसल्या सह्या करायचे. खरोखर येणारे एकटे तिसरे भागधारक — इनासकाका, रिटायर मास्तर. ठीक अकराला यायचे, नोटिशीतल्या एकेका विषयावर लाल पेन्सिलीने टिक करायचे, आणि साडेअकराला "यंदापण कोणी नाही" म्हणून उठायचे.

त्या वर्षी जूनमध्ये काका गेले. मी स्वतः मातीला होतो. तरी सप्टेंबरात नोटिसा टाकताना एक त्यांच्याही नावाने टाकली! वृत्तांतही गेल्या वर्षीचा बघून टाइप केलेला, त्यात अनुमोदन काकांचंच. याला म्हणतात हुशारी.

सभेच्या दिवशी मी अकराला जागेवर नव्हतो. अर्नाळ्याला पापलेट आणायला गेलो होतो. बाराला परतलो, तर आठ दिवसांपूर्वी लागलेला मशीन ऑपरेटर म्हणाला, "सायेब, मीटिंगला एक म्हातारे बाबा आलते."

"कोण?"

"मना काय म्हाईत? पानी मागितलं, बसले. मग 'यंदापन कोनी नाय' म्हनाले नि गेले."

टेबलावर नोटीस होती. पत्ता माझ्याच अक्षरात, नाव काकांचं. चारही विषयांवर लाल टिका.

पापलेट बर्फात टाकलं आणि सायकलवरून काकूंचं घर गाठलं. काकूंनीच कुणाला तरी पाठवलं असणार, असं वाटलं होतं.

"नोटीस? त्यांच्या नावाची?" काकू भडकल्या. "माणूस मातीत गेला नि तू नोटीस धाडतोस? कसली नोटीस नाही आली इथं. अक्कल आहे का तुला?"

अक्कल नव्हतीच. संध्याकाळी वृत्तांत पुन्हा टाइप केला, काकांचं नाव काढलं. कागद वेळेत गेले, परत आले नाहीत, नोकरी वाचली. रेकॉर्डला हजर म्हणून भाऊ आणि वहिनी आहेत, जे तेव्हा नालासोपाऱ्यात साखरपुडा जेवत होते. जे आले, त्यांचं नाव मीच खोडलं.

कोण आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. पुढची सगळी वर्षं मात्र सभेच्या दिवशी अकरा ते साडेअकरा मी खुर्ची सोडली नाही. कोणीच आलं नाही.

पण त्यानंतर काकांना नोटीस तरी कुठे पाठवली होती मी?