न हलणारं बाकडं

आमच्या क्लबची रायफल डावीकडे मारते, असं मी मुलुंडभर सांगत सुटले होते. गिरण्या बंद पडून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती आणि माझ्या गोळ्या काही केल्या मधोमध बसत नव्हत्या. आम्हाला शिकवणारे निवृत्त सुभेदार म्हणायचे, हात हलतो. मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. शेवटी त्यांनीच तोड काढली. रायफल बायपॉडच्या दोन पायांवर बाकड्यावर ठेवून ते स्वतः पाच गोळ्या मारणार. डावीकडे गेल्या तर जागा माझी, नाहीतर दुसऱ्या मुलीची. पण तसं बाकडंच क्लबात नव्हतं.

ते काम बाबांनी अंगावर घेतलं. जन्म गिरणीत फिटर म्हणून गेलेला, आता घाटकोपरच्या एका कारखान्यात जात. रायफलीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. लेकीवर अन्याय होतोय एवढंच त्यांना कळत होतं, आणि तसं त्यांनी अख्ख्या चाळीला सांगूनही ठेवलं होतं.

रविवारी त्यांनी क्लबच्या शेडमध्ये लादीवर जाड सागवानी बाकडं उभं केलं, वर काठोकाठ पाण्याची वाटी ठेवली आणि मला बाजूने चालायला लावलं. मी चालले की पाणी थरथरायचं. बाबांनी सरळ लादी फोडली. सुभेदार गारच पडले. गिरणीत यंत्राचा पाया भोवतालच्या जमिनीपासून सुटा ठेवतात म्हणे, शेजारचा हादरा त्याला लागत नाही. बाकड्याला तीनच पाय, तिन्ही खड्ड्यांत सिमेंटने बसवलेले, भोवती बोटभर फट. पुढच्या बाजूला एक पट्टी ठोकली, बायपॉडचे पाय टेकायला. पुढच्या रविवारी मी बाकड्याभोवती उड्या मारल्या. पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही. मी बघतच राहिले.

सुभेदारांनी रायफलीच्या दस्त्याखाली वाळूची पिशवी सरकवली, खांद्याने रायफल जराशी पुढे रेटली आणि श्वास सोडला. पाच गोळ्या झाल्या. लक्ष्याचा कागद आणायला मीच धावले.

मधोमध एकच भोक होतं, चण्याएवढं. माझी जागा गेली हे तिथेच कळलं, तरी नजर हलेना. माणसाच्या हातून इतकं नेमकं काही होऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं. अंगावर काटा आला.

बाबांनी कागद उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. लेकीची बाजू घेऊन आलेला माणूस ती बाजू साफ विसरला होता.

"रायफल बरोबर आसा गो," ते म्हणाले, "तुझोच हात हलता."

एरवी मी आठवडाभर अबोला धरला असता. त्या दिवशी मात्र डोळे पुसत त्यांच्यापुढे हात केला.

"मग आता हा पण नीट बसवून द्या, बाबा."