दोन नळ्यांची तिफण

“मॅडम, एक नळी काहाडून टाका. दोनच ठेवा,” बाबारावजी फोनवर म्हणाले.

मी एका शाळेच्या गॅदरिंगचं बॅनर करत होते. आधी मला समजलंच नाही. मग समजलं.

वर्ध्यात माझं डिझाइनचं ऑफिस आहे. कामं बहुतेक दुकानांच्या लोगोची आणि लग्नपत्रिकांची. घराण्याच्या चिन्हाचं काम पहिल्यांदाच आलं होतं. बाबारावजींचं पुलगावला बी-बियाण्यांचं दुकान. तीन भाऊ, एकच चूल. तिघांसाठी नवं घर बांधून होत आलं होतं. कुठल्याशा हॉटेलच्या गेटवर बाबारावजींनी सिंह आणि मुकुट असलेली ढाल पाहिली होती. आपल्याही गेटवर तसं काही हवं, असं त्यांच्या मनात बसलं होतं.

पहिल्या मीटिंगला तिघंही आले. मी समजावून सांगितलं. बाहेर शील्ड, म्हणजे ढालीचा आकार. आत घराची ओळख सांगणारं चित्र. खाली पट्टीवर मोटो, म्हणजे दोन-चार शब्दांत घराचा बाणा.

“सिंहच घ्या,” बाबारावजी म्हणाले.

“आपल्या घरी कोण सिंह हाये, दादा?” धाकटा सुनील म्हणाला. सगळे हसले. “आपण बी इकतो. तिफण घ्या, मॅडम.”

तिफण म्हणजे पेरणीचं तीन नळ्यांचं अवजार. वर चाडं असतं, लाकडी वाटीसारखं. त्यात मुठीनं बी सोडत गेलं की ते तिन्ही नळ्यांतून सारखं जमिनीत पडतं. “तीन नळ्या म्हणजे आमी तिघं,” सुनील म्हणाला. मोटोही त्यानंच सुचवला, ‘एका चाड्यातून’. बाबारावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. डिझाइन जवळपास तिथंच पास झालं. आमच्या धंद्यात असं क्वचित होतं.

गेटचं काम सुरू होण्याआधीच, पेरणीच्या ऐन गर्दीत, दुकानात सुनीलच्या छातीत दुखायला लागलं. सावंगीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मागे बायको सुजाता आणि शाळेत जाणारी ईश्वरी. मी भेटून आले होते. त्यानंतर हा फोन.

“मग ती तिफण राहणार नाही, बाबारावजी.”

“दोन नळ्याची दुफण बी असते ना. आता आमी दोघंच भाऊ हाओ.”

“सुनीलभाऊंची मुलगी आहे.”

“पोरगी उद्या लोकाच्या घरी जाईन.”

“सुजाताताईंना विचारलं?”

“तिले काऊन इचाराचं?”

मी म्हटलं, घरी येऊन बोलते.

पुलगावला बैठकीत बाबारावजी आणि मधले मधुकरराव बसले होते. मी लॅपटॉप उघडला. सुजाता चहा घेऊन आली आणि स्क्रीन पाहून थांबली. मी मुद्दामच तिच्याकडे वळले. “ताई, यातली एक नळी काढायला सांगताहेत.”

“कोणती?” तिनं विचारलं.

बाबारावजी म्हणाले, “कोणती बी. बाजूची.”

मधुकरराव कपात बघत राहिले.

“ह्यायनंच सुचवली होती तिफण,” सुजाता म्हणाली.

“म्हणून तं काहाडून राह्यलो. पाह्यलं का आठवण येते.”

बाबारावजींचा आवाज खरंच भरून आला होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी स्पष्ट सांगितलं, “हा बदल मी करणार नाही. लावायचं तर आहे तसं लावा.” बाबारावजींनी ‘चहा घ्या’ म्हणून कप माझ्याकडे सरकवला. परत येताना मला वाटलं, थांबलं.

थांबणार कसं? पास झालेली फाइल त्यांच्याकडेच होती. गेट कापायला आम्ही व्हेक्टर फाइल देतो, म्हणजे रेषांचं चित्र. कितीही मोठं केलं तरी बिघडत नाही. आणि नको ती रेष कोणीही निवडून पुसू शकतं. गेटवाल्यानं पुसली. उरलेल्या दोन नळ्या मध्ये घेण्याचीही तसदी घेतली नाही. दिवाळीच्या आत गेट लागलं. ढालीची एक बाजू रिकामी दिसते.

नंतर सुजाता माझ्या ऑफिसात आली. चार दिवस माहेरी राहा म्हणून तिला आंजीला पोचवलं होतं, आणि न्यायला कोणी आलं नव्हतं. तिला तीन नळ्यांच्या डिझाइनची प्रिंट हवी होती, घरा-दुकानातल्या वाट्यासाठी वकिलाला दाखवायला. मी मोठी, रंगीत काढून दिली. ‘तिघांचं सारखं दिसलं पाहिजे’ असा बाबारावजींचा मेसेज होता, तोही दिला.

काही दिवसांनी मी फोन केला.

“घराचा प्लॉट मोठ्या भाऊजीच्या नावावर, दुकानाचं लायसनबी त्याईच्याच नावावर,” ती म्हणाली. “केस करता येते म्हणे, पण लय वर्सं लागतीन.”

“आणि ती प्रिंट?”

“वकील म्हणे, चित्र चांगलं हाये.”

“मग लढायचं ना, ताई?”

“कोणासंग लढू, मॅडम? ईश्वरी अजून त्याईले मोठे बाबा म्हन्ते.”

तिनं केस केली नाही. बियाण्यांच्या दुकानवाल्यांची ही सून आता आंजीत दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं निंदणीला जाते.

त्यानंतर मी घराण्याच्या चिन्हाचं काम घेतलेलं नाही. दुकानांचे लोगो करते. दुकानातून पार्टनर काढायचा असला तर निदान कोणाची तरी सही लागते.