दरोडेखोराचीही रात्रपाळी

वरणगावच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून माझा एक मित्र रविवारी सकाळी भुसावळला आमच्याकडे खेळायला येतो. खेळात प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो, आणि गोष्ट तो चालवतो. लढाई आली की इतरत्र लोक फासे टाकून निकाल लावतात. हा फासे खिशात घालतो.

"फासा काय सांगीन, भो? तू सांग, कसा लढशील?"

सांगितलेलं पटलं तर मान हलवतो, नाही तर नुसतं "मग?" म्हणतो. त्या एका शब्दाने घाम फुटतो.

परवा गोष्ट मी चालवली आणि तो सरदार झाला. त्याच्या सरदाराला घाटात दरोडेखोराने अडवलं.

"सांगा भाऊ, कसे लढता?"

त्याने डोळे चोळले. "तलवार ठेवतो अन् बसतो जरा."

"आणि दरोडेखोर?"

"त्यालेबी बसू दे. त्याचीबी नाईट झाली असीन."

मला "मग?" विचारायचं होतं. विचारवलं नाही.