चहा आणणारी बाई

बारावीला मी लातूरच्या एका होस्टेलमध्ये होते. तिथं टीव्ही नव्हता. घर उदगीरचं, वडिलांचं कापडाचं दुकान. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण, आमची अक्का, तोवर अर्धापूरला नांदायला गेली होती. तिच्या सासरी केळीच्या बागा होत्या आणि बैठकीत भलामोठा टीव्ही होता.

दुपारी तीनच्या सुमारास सासूबाईंचा डोळा लागला की अक्का मला फोन करायची. मी जिन्याच्या वळणावर जाऊन बसायचे, रेंज तिथंच यायची.

"जेवलीस का?"

"हाव. काल काय झालं ते सांग."

मग ती आदल्या रात्रीची मालिका सांगायची. त्या मालिकेत एक मोठं घर होतं, तीन सुना, एक कारस्थानी आत्या आणि सदानकदा गैरसमज करून घेणारा नवरा. अक्का प्रत्येकाचा आवाज काढायची. आत्याचा नाकातून, नवऱ्याचा घोगरा. मध्येच थांबून जाहिरातही सांगायची. "साबणाच्या जाहिरातीतल्या त्या माणसाचा सदरा रोज मळतोच कसा गं? ऑफिसात जातो म्हणतो आणि चिखल घेऊन येतो. त्याच्या बायकोनं एकदा पाठलाग करायला पाहिजे." आणि मग ती खरोखरच त्या बायकोला पाठलागाला पाठवायची. तो माणूस ऑफिसला जातच नव्हता. नोकरी सुटलेली, घरी सांगायला लाज वाटते म्हणून दिवसभर कुठल्याशा वीटभट्टीवर काम करायचा. जाहिरात अर्ध्या मिनिटाची, अक्काची गोष्ट दोन दिवस चालायची.

मालिकेत मला सगळ्यात आवडायची ती स्वयंपाकघरातली बाई. त्या घरात पंधरा वर्षं राबलेली, सगळ्यांची गुपितं माहीत असलेली, बोलायला तिखट. आत्यालासुद्धा तीच काय ती सुनावायची. गणिताच्या पेपराआधी मला भीती वाटली की मी मनात म्हणायचे, ती बाई असती तर काय म्हणाली असती?

दिवाळीला घरी गेले तेव्हा पहिल्यांदा ती मालिका डोळ्यांनी पाहिली. अक्का भाऊबीजेला आली होती, शेजारी बसून लसूण सोलत होती. घर दिसलं, सुना दिसल्या, आत्याही दिसली. स्वयंपाकघरातली बाई आली, चहाचा ट्रे ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अक्का, ही तर बोलतच न्हाई."

"कोण बोलू देतंय तिला?" तिनं लसणावरची नजर काढली नाही. "दोन वर्षं झाली, नुसता चहा आणून राहिली. म्हणलं, आपणच बोलतं करावं."

मी तिच्याकडे बघत राहिले. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. घरात कुणी तिला हुशार म्हटलं नव्हतं, ते कौतुक सगळं माझ्या वाट्याला आलेलं. आणि सगळा देश पाहतो त्याच टीव्हीसमोर बसून तिनं एक बाई घडवली होती, जी कुणालाच दिसली नव्हती.

त्यानंतर लपवाछपवी राहिली नाही. फोन आला की मी सरळ विचारायचे, "आज तिचं काय?" एका दुपारी अक्कानं सांगितलं की त्या बाईला एक मुलगी व्हायची होती. सातव्या महिन्यातच गेली. तिच्यासाठी शिवायला घेतलेलं झबलं बाईनं डाळीच्या डब्यात तळाशी ठेवलंय. पिवळं आहे, बटणांऐवजी नाड्या लावलेल्या, आणि एक बाही जोडायची राहिलेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. डाळ काढताना हात लागतो."

तिचा आवाज तेव्हा कुणाचाच नव्हता. नाकातला नाही, घोगरा नाही. मी ते भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

आता सांगायलाच हवं. त्याच्या वर्षभर आधी अक्काचं पोटातलं मूल गेलं होतं. सातव्या महिन्यात. मी तेव्हा अकरावीत होते. दोन दिवसांसाठी अर्धापूरला गेले आणि चाचणी परीक्षा आहे म्हणून परत आले. तिचे फोन सुरू झाले ते त्यानंतर. बाईचं दुःख अक्काचं आहे हे मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं. पण झबलं मात्र मला तिनं रचलेलं वाटलं, जशी बाई रचलेली होती तसं. इतकं नेमकं काही खरं असेल असं त्या वयात वाटलं नाही.

चार वर्षांनी मी नांदेडला एम.ए. करत होते, थोडंफार लिहू लागले होते. ती वही सापडली आणि एका आठवड्यात मी गोष्ट लिहून काढली. मालिका काढून टाकली, घर साधं केलं, बाई ठेवली. डाळीचा डबा, पिवळं झबलं, नाड्या, राहिलेली बाही, सगळं जसंच्या तसं. एका दिवाळी अंकात ती छापून आली. अक्काला मी आधी काही सांगितलं नव्हतं, तिला आनंदानं चकित करायचं होतं. दाजी कामासाठी नांदेडला आले तेव्हा अंक त्यांच्या हाती दिला. ते खूश झाले. म्हणाले, "घरी सगळ्यांना वाचून दाखवतो."

त्यांनी तसंच केलं. पुढचं मला दाजींनीच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी.

बैठकीत सगळे बसले होते. दाजी मोठ्यानं वाचत होते. अक्का दारात उभी होती, आधी हसत होती. डब्याचं वाक्य आलं तेव्हा सासूबाई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन एकेक डबा उघडत गेल्या. तुरीच्या डब्यात झबलं सापडलं. एका बाहीचं.

सासूबाई वाईट नव्हत्या. झबलं मांडीवर घेऊन त्याही रडल्या, असं दाजी म्हणाले. पण इतकी वर्षं दुसरं मूल का राहत नाही याचं उत्तर त्यांना सापडलं होतं. "असं घरात ठेवू न्हाई बाई," एवढंच त्या अक्काला म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आसना नदीच्या पाण्यात सोडून आल्या. अक्कानं अडवलं नाही.

"मी वाचायलाच नको होतं," दाजी म्हणाले.

दाजींनी गोष्ट वाचली त्याच आठवड्यात अक्काचा फोन आला होता. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, मी कौतुकाची वाट पाहत होते.

"चांगली लिहिलीस," ती म्हणाली. मग विचारलं, "डबा कशाला लिहिलास गं?"

मला वाटलं ती लेखनाबद्दल बोलतेय. मी तिला समजावू लागले की तपशिलामुळे गोष्ट खरी वाटते. ती सगळं ऐकून घेत होती. "हाव, बरोबर हाय तुझं," म्हणाली आणि फोन ठेवला.

सगळं कळल्यावर मी अर्धापूरला गेले, तिची माफी मागितली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, थालीपीठ लावलं, जाताना केळी बांधून दिली. एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर फोन येत राहिले, पण त्यात पाऊस असायचा, केळीवरचा करपा, वडिलांची शुगर. मी दोनदा विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं?" पहिल्यांदा ती म्हणाली, मालिका बंद पडली. दुसऱ्यांदा म्हणाली, आता आठवत नाही.

मूल त्यांना झालं नाही. सासूबाई गेल्या. मी नांदेडलाच शिकवते, लिहितेही. लोक विचारतात, लिहिण्याची ओढ कुठून लागली? मी वाचनालयाचं नाव सांगते.

गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस तिच्याकडे राहिले. दुपारी आम्ही दोघी जमिनीवर आडव्या पडून तिच्या मोबाइलवर एक मालिका पाहत होतो. त्यात लग्नाच्या गर्दीत एक म्हातारी होती, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली. कॅमेरा तिच्यावरून दोनदा गेला. मी न राहवून विचारलं, "अक्का, ही कोण असेल गं? कुणाची असेल?"

अक्कानं पडद्याकडे नीट पाहिलं. क्षणभर मला वाटलं, आता बोलेल.

"काय माहीत," ती म्हणाली. "दाखवतील पुढं, तर कळेल."

भाग संपला. तिनं मोबाइल चार्जिंगला लावला आणि मला म्हणाली, "पड जरा, ऊन उतरलं की उठवते."