बाबा गोड बोलू लागले तेव्हा

थंडीच्या सकाळी मंडईत शिरलं की ओल्या कोथिंबिरीचा, मातीचा आणि गोणपाटाचा मिळून एक वास येतो आणि मी कशाला आले होते तेच विसरते. धुक्यात माणसं तरंगत असल्यासारखी दिसतात. त्यांच्यात कुठेतरी मला अजूनही बाबा दिसतात, टोमॅटो उजेडाकडे धरून भाजीवालीला हळू आवाजात काहीतरी बोचरं ऐकवणारे. सारा जन्म शनिवार पेठेत गेलेला. जिभेला धार होती, विष नव्हतं.

ते पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि बिबवेवाडीला माझ्या घरी आले ते वेगळेच होऊन. काहीही पुढे ठेवा, छान. "तुम्ही म्हणाल तसं." शेजारणी म्हणायच्या, किती गोड झालेत. मलाही बरं वाटायचं. पाय मात्र ते जमिनीला लावत नव्हते, आणि आता चालले नाहीत तर कायमचे अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

घरी येणारी सिस्टर यवतमाळकडची, माझ्या लेकीच्या वयाची. बाबांचे मंडईतले किस्से तिने माझ्याकडून ऐकले होते. एकदा तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, काकाजी कशालेच नावं नाही ठेवून राहिले. मले हे बरं नाही वाटत."

मग ती येताना भाजी आणू लागली, मुद्दाम जून, सुकलेली. पलंगावर मांडून भोळेपणाने विचारायची, "चांगली हाये ना जी?" बाबा म्हणायचे, छान. खिडकीतून ऊन आत यायचं, बाबांची बोटं सवयीने गवारीच्या शिरा काढायची आणि दुपार संथपणे सरत राहायची. मी मात्र मनातून धास्तावलेली असायचे.

एका दुपारी तिने सुरकुतलेलं वांगं पुढे केलं. बाबांनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"अहो सिस्टर, हे विकत आणलंत की दत्तक घेतलंत?"

मी दारात उभी होते. हसता हसता मला रडूच कोसळलं.

"मले नाही समजत त्यातलं," ती शांतपणे म्हणाली. "खाली हातगाडी येते. तुम्हीच चला."

"आज नाही. पण तो वॉकर इकडे आणा. तिथे काय शोभेला ठेवलाय?"

हातगाडीपर्यंत पोहोचायला पुढे पुष्कळ दिवस गेले. सिस्टर मागून चालायची. हात त्यांच्या पाठीजवळ असायचा, पण टेकलेला नसायचा. शेवटी एक दिवस बाबा म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. तुमचं इथे काही काम उरलेलं नाही." ती हसत पाया पडली, उठली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

त्यानंतर बाबा काही वर्षं जगले, अखेरपर्यंत सगळ्यांना टोमणे मारत. आता घरात कोणी कोणाला टोचून बोलत नाही. फार शांत असतं, आणि त्या शांततेची मला अजून सवय झालेली नाही.