मरून राहिली

सरांनी माझी वही वर्गासमोर उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "माय तीन दिवस मरून राहिली होती."

मग थांबले. चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "मरून राहिली? मेल्यावर कुठे राहिली बुवा? माहेरी?"

वर्ग हसला. पुढच्या बाकांवरच्या बंगल्यातल्या मुली तर डोळे पुसत हसल्या. मी कामठीहून बसनं येणारी विणकराची मुलगी, शेवटच्या बाकावर. माय जाऊन चार महिने झाले होते.

परक्यानं माझं हसं केलं असतं तर सोसलं असतं. पण ही वही मी एकट्या सरांना दिली होती. त्यांनीच मागितली होती. "जसं घडलं तसं लिही पोरी, मी आहे," म्हणाले होते. अख्ख्या कॉलेजात माझ्याशी नीट बोलणारा तो एकच माणूस. त्यानंच मला विकलं आणि बदल्यात हशा घेतला.

त्यानंतर नऊ वर्षं मी स्वतःची एक ओळ लिहिली नाही. नागपुरात सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर करायची नोकरी लागली. तिथं सगळं शुद्ध लिहायची. घरी कागद पुढे घेतला की पहिल्याच शब्दाला हात अडायचा. 'मला' लिहिलं की माय परकी व्हायची. मायसारखं 'मले' लिहिलं की तो हशा कानात यायचा.

एकदा रामटेककडचा एक माणूस बापाला घेऊन आला. खिडकीशी वाकून म्हणाला, "बाप मरून राहिला जी." मी लिहिलं, अत्यवस्थ. काय लिहिलं म्हणून विचारलं त्यानं. मी वाचून दाखवलं.

"म्हणजे मेला का?"

नाही म्हटलं.

"मंग तसंच लिहा ना बाई. मरून राहिला. अजून मेला नाही. डॉक्टरले लवकर बलवा."

आधी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. मग खुर्चीत येऊन बसले. तीन दिवस माय मेली नव्हती, मरत होती, आणि मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. त्या तीन दिवसांना दुसरा शब्दच नव्हता. मी चुकले नव्हते. सरांनाच मराठी कमी येत होती.

त्या रविवारी लिहायला बसले. लिहिता आलं. पण आनंद कसला? माय शेवटी काय बोलली, ते आता आठवत नाही. ते त्या वहीत होतं, आणि वही मी वर्ग हसला त्याच दिवशी घरी येऊन चुलीत घातली होती. सरांना मी माफ केलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला. जुन्या विद्यार्थ्यांचं पुस्तक काढतायत. मायवरचं पाठव, भाषा मी नीट करून घेईन म्हणे. मी पाठवलं नाही.

हे एवढं तुमच्या भाषेत लिहिलं, सरांनाही समजावं म्हणून. पुढचं सगळं मायच्या बोलीत येईल. ज्याला कळणार नाही त्यानं कामठीला येऊन विचारावं. तपासायला मी कोणाला देणार नाही.