दाजींची न सुटलेली काळी-पिवळी

नांदेडपासून लातूरपर्यंत जिच्यावर कधी ओरखडाही उठला नाही अशी गाडी बाळगणारा एकच चालक मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, आमचे दाजी. कारण ते गाडी गॅरेजबाहेर काढीतच नसत, आणि ते गॅरेज टीव्हीच्या पडद्यावर होते. त्या गाडीला झालेला एकमेव अपघात माझ्या हातून झाला, आणि तो मी फार काळ लपवून ठेवला, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

दाजींनी उमेदीची वर्षे मुखेड–नांदेड रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवण्यात घालवली. पुढे नजर मंदावली, जीप विकली गेली, आणि पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या त्यांच्या भाच्याने मागे ठेवलेला गाड्यांच्या शर्यतीचा गेम त्यांच्या हाती आला. त्यात शर्यत जिंकायची असते हे त्यांना कुणीतरी सांगितले असावे. त्यांनी ते मनावर घेतले नाही. त्यांना भावले ते एवढेच, की गाडी आपल्या मर्जीने सजवता येते. जमिनीला पोट टेकलेली, दोनच माणसांची एक परदेशी गाडी निवडून त्यांनी तिला काळा-पिवळा रंग दिला. "दोनच शिटा, दाजी?" मी विचारले. "सरकून बसले की सा जण मावत्यात," ते शांतपणे म्हणाले. टपावर कॅरिअर बसेना, तेव्हा त्यांनी टपावर कॅरिअरचे चित्र काढले आणि त्यात ज्वारीची पोती ठेवली. खेळात मराठी अक्षरे नव्हती. पट्ट्या, गोल आणि चंद्रकोरी जुळवून ते एकेक अक्षर घडवीत. ‘मुखेड–नांदेड’ लिहिण्यात अख्खा उन्हाळा गेला. त्यांच्या खऱ्या जीपची पाटी रंगवणारे रफीकभाई मधूनमधून तपासणीला येत. "मियाँ, ड का पेट जरा अंदर लेव," ते म्हणत, आणि दाजी निमूटपणे ड चे पोट आत घेत. अक्षर जमले की ते अक्काला स्वयंपाकघरातून हाक मारीत. दसऱ्याला गाडीची पूजा म्हणून टीव्हीलाच झेंडूचा हार चढे. "मला कधी गजरा आणला न्हाई, अन् ह्या डबड्याला हार," असे म्हणत अक्काच तो हार सारखा करी.

एका दुपारी दोघे लग्नाला गेले होते आणि मी लातूरहून आलेला, घरात एकटा होतो. एवढी देखणी गाडी उभीच राहते हे मला बघवेना. मी ती शर्यतीत उतरवली आणि पहिल्याच वळणावर भिंतीला दिली. पुढचा भाग चेपला. फुटलेल्या बरणीच्या जागी तसलीच बरणी गुपचूप आणून ठेवावी, तशा बुद्धीने मी ती गाडी खेळातल्या बाजारात विकली आणि तीच गाडी कोरी घेतली. ती आली लालभडक. पोती गेली होती, पाटी गेली होती.

संध्याकाळी दाजींनी पडद्याजवळ जाऊन ती लाल गाडी नीट पाहिली. मग म्हणाले, "झाडताना हिनं वायर हलवली असंल, म्हणून समदं पुसलं गेलं."

"हाव," अक्का म्हणाली. "सकाळी झाडू लागला व्हता जरा."

मी तिथेच चहा पीत होतो. तो संपवला आणि लातूरची बस धरली.

दाजी तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा पट्ट्या जुळवायला घेतल्या. फक्त अक्षर जमल्यावर अक्काला हाक मारणे थांबले. आणि ती त्या कोपऱ्यात झाडू नेईना. "माझा हातच वाईट हाय, बाबा," असे मला हसत सांगे. दर खेपेस मी ते ऐकून घेत असे.

यंदाच्या भाऊबीजेला मी पाटावर बसलो. दाजी पडद्यापाशी आपल्या कामात होते. अक्का ओवाळणीचे ताट घेऊन आली ती टीव्हीपासून लांब, भिंतीला अंग घासत, पदर आवळून. मी पाटावरून उठलो.

"थांब, अक्का. दाजी, तुम्ही बी ऐका. वायर कुणी हलवली नव्हती. गाडी मी बाहेर काढली, मी ठोकली, अन् मीच विकली. तुझ्यावर आळ आला तेव्हा मी चहा पीत बसलो. मला माफ कर, अक्का."